बर्फखान्यातल्या बयेचा शेवटचा शॉट

१

आमच्या चित्रपट संग्रहालयात कुठलंही जुनं रीळ स्कॅनिंगला पाठवण्याआधी दोन माणसांनी ते बघावं लागतं. दोघांच्या मध्ये एक खुर्ची रिकामी ठेवायची. बोलायचं नाही, एकमेकांकडे बघायचं नाही, मोबाइल दाराबाहेर ठेवायचा आणि दिवे लागले की खोलीबाहेर पाऊल टाकण्याआधी आपापला फॉर्म भरायचा. फॉर्मवर बावीस प्रश्न असतात. दोन्ही फॉर्म जुळले तर रीळ स्कॅनिंगला जातं. नाही जुळले तर पुन्हा बघायचं. तीनदा बघूनही जुळले नाहीत, तर रीळ तळमजल्यावरच्या 'थांबलेल्या' कपाटात जातं, आणि त्या कपाटातून आजवर काही बाहेर आलेलं मी पाहिलेलं नाही.

नियम जाचक आहे, पण मला तो आवडतो. ऑफिसात मला मोजपट्टी म्हणतात. अठरा वर्षांत मी फॉर्मवर एक खोटा शब्द लिहिलेला नाही, आणि ज्यांनी लिहिला त्यांना सुखानं जगू दिलेलं नाही.

त्या सोमवारी सकाळी अकरा वाजता मी आणि मास्तर 'बर्फखान्यातली बया' बघायला बसलो. मास्तर म्हणजे माझे जोडीदार. पूर्वी सिनेमाचं मशीन चालवणाऱ्यांना शिकवायचे, म्हणून मास्तर. निवृत्तीला दीड वर्ष उरलेलं, स्वभावानं इतके मऊ की चहात माशी पडली तर आधी माशीची चौकशी करतील. बघायची खोली लांबोडकी आहे. पडद्यासमोर तीन खुर्च्यांची एकच रांग, आणि त्यांच्या पाठी थेट भिंतीला टेकलेल्या. मागे झाडूसुद्धा जात नाही म्हणून केर काढणाऱ्या मावशी रोज कुरकुरतात.

चित्रपट सत्त्याऐंशी मिनिटांचा निघाला. एकवीस उत्तरं शब्दाला शब्द जुळली. बाविसावा प्रश्न होता: शेवटच्या शॉटमध्ये काय दिसतं? मी लिहिलं होतं, 'अंधार. चार सेकंद. काहीही दिसत नाही. प्रकाशयोजना सदोष.' मास्तरांनी लिहिलं होतं, 'बाई वळते. चेहरा स्पष्ट दिसतो. हात पुढे येतात, दहाही बोटं सरळ. कॅमेऱ्याच्या थोडं खाली बघते.'

मी चष्मा काढून ओढणीला पुसला. काचांवर डाग पडले होते. कुजलेल्या रिळाला आंबट वास येतो, त्याची वाफ बसली असेल असं वाटलं. शिवाय एसीचा गार झोत शेवटची काही सेकंदं बरोबर माझ्या कपाळावर येत होता. मी तेव्हाच देखभालवाल्यांच्या वहीत तक्रार लिहून टाकली.

२

चित्रपट कसा आहे ते आधी सांगते, म्हणजे माझा जीव कशात अडकला होता ते कळेल. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यात अकरा दिवसांत उरकलेला हा गल्लाभरू प्रकार. रक्त म्हणजे पोस्टरचा लाल रंग. कुऱ्हाड प्लायवुडची, एका खुनात ती चक्क वाकते. पाच खून आहेत, त्यातले दोन म्हणजे एकच शॉट उलटसुलट करून वापरलेला. नायिका कारण नसताना दोनदा आंघोळ करते. जाहिरातीत लिहिलं होतं की हृदयविकार असलेल्यांना प्रवेश मिळणार नाही. बर्फाच्या लाद्यांमागे एक बाई पाठमोरी उभी असते. ती कधीच वळत नाही, कारण भुताचा मेकअप करायला यांच्याकडे माणूसच नव्हता. ती दिसली की कुणीतरी मरतं, इतकीच काय ती कथा.

ती पाठमोरी बाई माझी आई.

बाबा या चित्रपटाचे लाइटमन होते. नटी परवडत नव्हती, आणि बाबांचा डबा घेऊन आलेली आई उंचीला बरोबर बसली, म्हणून तिला उभं केलं. मी अडीच वर्षांची होते. चित्रीकरणाच्या शेवटच्या दिवशी आई त्या कारखान्यातून नाहीशी झाली. शोधलं, तक्रार केली, काही हाती लागलं नाही. पुढे एका दुपारी बाबांनी तिचे सगळे फोटो जाळले. का, ते कधी सांगितलं नाही. मी विचारायचे तेव्हा ते उठून गॅलरीत जायचे.

म्हणजे माझ्या आईचा चेहरा मला माहीत नाही. त्रेचाळीस वर्षांची बाई मी, आणि आईचं नाक कसं होतं ते मला सांगता येत नाही. मी या नोकरीत चिकटले ती एका आशेवर, की कधीतरी हे रीळ येईल. आलं ते शेवटचं उरलेलं, कुजायला लागलेलं. आमच्या विभागप्रमुख मॅडमना सगळं ठाऊक होतं, म्हणूनच त्यांनी बघायला मला बसवलं.

आणि मला दिसली ती पाठ. लांब वेणी, खांदे थोडे उतरलेले, पाठीमागे गुंफलेले हात. डाव्या हाताची करंगळी मधल्या पेराशी बाहेर वाकलेली. लग्नाआधी दारात चिमटली होती, एवढी एकच गोष्ट बाबांनी कधीकाळी सांगितली होती. आणि ज्या शॉटमध्ये ती वळते म्हणे, तो मला अंधार.

मास्तरांचा मला इतका राग आला की विचारू नका. एक तर ज्याला काही घेणंदेणं नाही त्याला चेहरा दिसतो. वर गडी लिहितो, दहाही बोटं सरळ. मी त्यांना म्हटलं की सत्त्याऐंशी मिनिटं ती करंगळी पडद्यावर वाकडी आहे, तुमचं लक्ष होतं कुठे? मास्तर डोकं खाजवत म्हणाले की तेच त्यांनाही खटकलं, पण दिसलं ते लिहिलं.

बुधवारी पुन्हा बसलो. पुन्हा तेच. मग मी शेवटचं रीळ टेबलावर घेतलं. खालून उजेड येणारं आमचं तपासणीचं टेबल असतं, त्यावर भिंग लावून एकेक चौकट बघता येते. चार सेकंदांच्या शहाण्णव चौकटी. चष्मा काढला, भिंगाला डोळा लावला. शहाण्णवच्या शहाण्णव काळ्या. मास्तरांना बोलावलं. त्यांनी त्याच जागी भिंग धरलं आणि बराच वेळ वाकून राहिले.

"किती स्पष्ट आहे गं," ते म्हणाले. "तुला खरंच दिसत नाही?"

मी त्यांच्या हातातून भिंग हिसकावून घेतलं. काचेवर बोटांचे ठसे उमटले होते. मी त्यांनाच झापलं, की इतकी वर्षं शिकवून भिंग कडेनं धरायचं एवढं कळू नये? मास्तर अजून टेबलाकडेच बघत होते.

३

आता एकच संधी उरली होती, पुढच्या शुक्रवारची. मी ठरवलं की दोष माझ्या डोळ्यांत आहे की मास्तरांच्या, ते बाहेरून शोधून काढायचं. हा चित्रपट आणखी कुणीतरी पाहिला असणारच.

पाहिला होता. आणि त्यावर जे काही लिहिलेलं सापडलं, ते वाचून माझ्या डोक्याला मुंग्या आल्या. आला तेव्हा एका वर्तमानपत्रानं त्याला कचरा म्हटलं होतं. पाचेक वर्षांनी एका छोट्या मासिकात चार पानं कौतुक होतं. पुढे फिल्म क्लबवाल्यांनी तो अधूनमधून दाखवला, मध्यंतरी कुणीतरी चोरून इंटरनेटवर चढवला, तो मला कळायच्या आत तिथून उडाला, आणि आता तिथेच लोक त्याला तारे देतात. एकशे बारा जणांनी दिले होते. सत्तावन्न जणांनी एक तारा, पंचावन्न जणांनी पाच. दोन, तीन, चार तारे देणारा एकही माणूस नाही. जगात कुठल्या चित्रपटाला कुणी तीन तारे देत नाही? माझे बाबा तर माझ्या वरणालासुद्धा तीन तारे देतील.

मी रकाने आखून बसले. एक तारावाले सगळे एकाच गोष्टीवर चिडलेले: शेवटी अंधार करून फसवणूक केली. पाच तारावाले सगळे एकाच गोष्टीवर फिदा: ती वळते तो क्षण. कुणी लिहिलं होतं, तो चेहरा विसरता येत नाही. कुणी लिहिलं होतं, ती माझ्याकडे नाही, माझ्या शेजारच्या कुणा लहान मुलाकडे बघते असं वाटलं, पण शेजारची खुर्ची रिकामी होती.

पंचावन्न परक्या माणसांनी माझ्या आईचा चेहरा पाहिला होता. त्यातला एक तर दात घासत मोबाइलवर बघत होता, त्यानं स्वतःच तसं लिहिलंय. मी लॅपटॉप मिटला आणि आंघोळीच्या खोलीत जाऊन नळ सोडून रडले, बाबांना ऐकू जाऊ नये म्हणून.

४

कचरा म्हणणारे समीक्षक अजून हयात होते. दुपारी त्यांच्याकडे गेले. गोल, खुशमिजास म्हातारा. समोर बसून, गुडघ्यावर थापा मारत त्यांनी चित्रपटाची यथेच्छ सालटी काढली. शेवटच्या अंधाराबद्दल म्हणाले की दिग्दर्शकाकडचं रीळ संपलं असणार. निघताना मी सहज विचारलं की त्या दिवशीचं आणखी काही आठवतं का? त्यांनी विचार केला आणि म्हणाले की चष्मा. घरी आल्यावर बघतात तर काचा बोटांनी बरबटलेल्या, आणि त्यावरून बायकोशी उगाच वाजलं होतं.

मी माझा चष्मा काढून बघितला. तो स्वच्छ होता, सकाळीच पुसलेला.

चार पानं कौतुक करणारे गृहस्थ दोन रस्ते पलीकडे राहायचे. त्यांच्या बायकोनं दार उघडलं, मला आतल्या खोलीपर्यंत नेलं आणि दारातच थांबल्या. ते खिडकीशी उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मी नमस्कार केला. त्यांनी न वळता नमस्कार केला. पाऊण तास आम्ही बोललो आणि ते वळले नाहीत. चेहऱ्याचा विषय काढला की त्यांचा आवाज एकदम हळुवार व्हायचा. तिचं कपाळ, तिचे डोळे, सगळं सांगत होते, आणि मी कागदावर उतरवून घेत होते. मधेच माझ्या लक्षात आलं की खिडकीचं तावदान आतून रंगवलेलं आहे. बाहेरचं काही दिसतच नव्हतं.

जिन्यापर्यंत बाई सोडायला आल्या. मी म्हटलं, त्यांना मानेचा त्रास आहे का? त्या थोडं हसल्या. "लग्नाला अडतीस वर्षं झाली," त्या म्हणाल्या. "त्यातली तीन मी त्यांना समोरून बघितलंय. जेवतातसुद्धा भिंतीकडे तोंड करून. आता सवय झाली."

मासिकातला तो लेख पस्तीस वर्षांपूर्वीचा होता. मी जिना उतरताना उगाच हिशेब करत होते, आणि प्रत्येक वेळी उत्तर तेच येत होतं.

५

योगायोग असतात. अठरा वर्षं रिळं मोजून मी एवढं शिकलेय की दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या जोडलेल्या असतात असं नाही. एक विक्षिप्त माणूस भेटला, बस्स. असं स्वतःला बजावत मी मंगळवारी ऑफिसात गेले.

मास्तरांचं टेबल माझ्या समोरच आहे. चौदा वर्षं आम्ही समोरासमोर बसून डबे खाल्ले. त्या दिवशी त्यांची खुर्ची भिंतीकडे वळलेली होती. मी विचारलं, तर म्हणाले की खिडकीचा उजेड डोळ्यांवर येतो. खिडकी त्यांच्या मागे आहे. मी उठून पलीकडे गेले, त्यांच्यासमोर उभी राहायला. त्यांनी खुर्ची शांतपणे फिरवली. मी पुन्हा वळसा घातला. त्यांनी पुन्हा फिरवली. दोन मोठी माणसं खुर्चीभोवती फुगडी घालताहेत, असं ते दृश्य असणार. मला हसू यायला हवं होतं.

"मास्तर, मस्करी पुरे झाली," मी म्हटलं.

"समोर नको येऊस, बाळ," ते भिंतीला म्हणाले. "मागूनच बोल. मागून बरं वाटतं."

मास्तरांनी मला कधी बाळ म्हटलं नव्हतं. बुधवारपासून ते रजेवर गेले. फोन केला तर त्यांची मुलगी म्हणाली की बाबा बरे आहेत, फक्त आरशांवर चादरी टाकायला लावल्यात.

देखभालवाल्यांचं उत्तरही त्याच दिवशी आलं. बघायच्या खोलीत खुर्च्यांवर येणारी एसीची झडप दोन वर्षांपूर्वीच पत्र्यानं बंद केलेली आहे, तरी उगाच तक्रारी करू नयेत.

६

मास्तर नाहीत म्हणजे जोडीदार नाही. मॅडम म्हणाल्या की नियमात एक सोय आहे, चित्रपटाच्या मूळ चमूतलं कुणी हयात असेल तर त्याला बसवता येतं. त्या माझ्याकडे बघत होत्या. मला कळलं त्यांना कोण म्हणायचंय.

बाबांना मी संध्याकाळच्या चहाला सगळं सांगितलं. माझा सूर चांगला नव्हता, कबूल करते. चाळीस वर्षांचं साठलेलं होतं. म्हटलं, तुम्ही लाइटमन होतात ना? मग एक शॉट नीट उजळता आला नाही तुम्हाला? सगळ्या जगाला दिसते ती आणि मला नाही. तुम्ही फोटो जाळलेत, निदान हे तरी मला बघू द्या. शुक्रवारी चला, जे दिसेल ते लिहा, म्हणजे माझी सुटका होईल.

बाबा या वेळी गॅलरीत गेले नाहीत. बशी खाली ठेवली आणि काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले.

"अंधार नव्हता," ते म्हणाले. "दोन दिवे लावले होते मी तिथे. पाचशे-पाचशेचे."

मग म्हणाले की तिला वळायला कुणीही सांगितलेलं नव्हतं. दिग्दर्शक ओरडायला लागला, थांबा, थांबा म्हणून, पण कॅमेरावाला काही थांबेना. मी कॅमेऱ्याच्या बाजूला जमिनीवर बसलेली होते, हे त्यांना तेव्हाच दिसलं. मी तिथे कशी पोचले, माहीत नाही.

"ती तुझ्याकडे बघत होती," बाबा म्हणाले. "आणि तुझी आई तुझ्या मागे उभी होती. तुझे डोळे झाकून."

मी म्हटलं, बाबा, आई समोर होती. आई शॉटमध्ये होती.

"अकरा दिवस होती. त्या शॉटमध्ये नव्हती. तिची करंगळी मला ठाऊक नाही का? ती तुझ्या नाकावर होती. समोर कोण होतं ते मी विचारलं नाही. मी दिवे बंद केले. लावले तेव्हा तू एकटी बसली होतीस."

मग मी फोटोंचं विचारलं. ते म्हणाले की फोटो हातात घेतला की त्यात आई आहे की ती दुसरी, ते कळेनासं झालं होतं.

मला त्यांची दया यायला हवी होती. मला फक्त संताप आला. एवढी वर्षं हे डोक्यात घेऊन बसलेला माणूस, आणि मुलीला द्यायला याच्याकडे हीच एक गोष्ट उरली? धक्का बसला की माणसं काहीही बघतात, असं मी स्वतःला समजावलं. मी त्यांना सांगितलं की शुक्रवारी साडेदहाला तयार राहा.

७

शुक्रवारी अकरा वाजता आम्ही बसलो. मी डावीकडे, मधली खुर्ची रिकामी, बाबा उजवीकडे. दोन्ही हात काठीच्या मुठीवर. पाठीला भिंत. बसण्याआधी मी भिंतीवर हात फिरवून घेतला. भिंतच होती, थंड, जरा खडबडीत. मग मी चष्मा पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि उजेडात धरून बघितला.

सत्त्याऐंशी मिनिटं मी आईची पाठ बघितली. या वेळी प्लायवुडची कुऱ्हाड वाकली तेव्हा बाबा नाकातून हसले. दुसऱ्या आंघोळीला त्यांनी मान खाली घातली. जिथे जिथे आई होती तिथे ते काठी घट्ट धरत होते, ते मला लाकडाच्या करकरीवरून कळत होतं.

शेवटचा प्रसंग आला. बर्फाच्या लाद्या, धूर, पाठमोरी बाई. मी तिच्या हातांकडे बघत होते. मागे गुंफलेले हात हळूहळू सुटले. मी करंगळी शोधली. डावी करंगळी सरळ होती.

"डोळे मिट," बाबा म्हणाले. बोलायचं नाही हा नियम त्यांनी मोडला.

मी मिटले नाहीत. मी डोळे फाडून बघत होते, आणि तरी अंधार झाला. पहिल्या दोन्ही वेळी झाला होता तसाच. फक्त या वेळी मला माहीत होतं कुठे बघायचं, म्हणून मी माझा हात वर नेला, माझ्या चेहऱ्याकडे. तो चेहऱ्यापर्यंत पोचलाच नाही. मध्ये दुसरे हात होते.

गार, ओलसर, बर्फ उचलून आलेले असावेत तसे. दोन्ही तळवे माझ्या चष्म्यावर. उजवीकडे बाबांची काठी करकरली, दोन्ही हातांनी धरलेली. मी त्यातलं डावं मनगट पकडलं. बारीक हाडाचं मनगट होतं. बोटं चाचपली. शेवटचं बोट मधल्या पेराशी बाहेर वाकलेलं होतं, आणि माझ्या नाकाच्या हाडाला टेकलेलं.

मला ते बाजूला सारता आलं असतं. त्या हातांत जोर नव्हता, थकलेले हात होते. चाळीस वर्षं मला तो चेहरा हवा होता. मी बोट जरासं उचललं. फटीतून उजेडाची एक रेघ आली, आणि त्या रेघेत पडद्यावरची हनुवटी, आणि ओठांचा कोपरा. सुंदर होता, खरं सांगते. मूल लपून बसलेलं सापडल्यावर बाई हसते, तसा तो उघडत होता.

मी बोट परत होतं तिथे दाबून धरलं.

८

दिवे लागले. मधली खुर्ची रिकामी होती. मागे भिंत होती. बाबांचे डोळे घट्ट मिटलेले होते आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

फॉर्म भरायचे होते. बाबांनी एकेक उत्तर नेटानं लिहिलं. मी मान वळवून त्यांचा कागद बघितला, आयुष्यात पहिल्यांदा. बावीस नंबरला त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं होतं: 'अंधार.'

दोन आठवडे मी याच एका शब्दासाठी जीव काढला होता. मला फक्त तोच लिहायचा होता, जे दिसलं ते. फॉर्म जुळले असते. रीळ दुपारीच स्कॅनिंगला गेलं असतं, पुढच्या महिन्यात स्वच्छ, लखलखीत होऊन घराघरांत पोचलं असतं. माझ्या आईची वेणी, तिचे उतरलेले खांदे, तिचे हात, कायमचे राहिले असते. पण एकशे बारांतल्या सत्तावन्न जणांपर्यंतच ती कशीबशी पोचली होती. मास्तरांपर्यंत नाही पोचली. माझ्याजवळ थांबली होती.

ती दोन हातांनी आणखी किती जणांचे डोळे झाकणार?

मी लिहिलं, 'बाई वळते. चेहरा स्पष्ट दिसतो.' खाली सही केली.

मॅडम खूप चिडल्या. तिन्ही वेळा बाविसाव्याच प्रश्नावर कसं अडतं, आणि या वेळी तुझंच उत्तर कसं फिरलं, असं त्यांनी चार वेळा विचारलं. मी सांगितलं की दिसलं ते लिहिलं. रीळ संध्याकाळच्या आत तळमजल्यावर गेलं. वर्षभरात त्याचा चिकट गोळा होईल, तेव्हा आईचे हात ज्यात दिसतात अशी एकही गोष्ट जगात उरणार नाही, हे मला ठाऊक आहे. कपाटाला कुलूप लावताना मी तिथेच उभी होते. ज्या दिवशी मला आई भेटली त्याच दिवशी मी तिला कुलपात घातलं, आणि याचा राग कुणावर काढायचा ते मला अजून कळलेलं नाही.

मास्तर परत आले नाहीत. रविवारी मी त्यांच्याकडे जाते. आम्ही पाठीला पाठ लावून चहा पितो.

चष्मा मी नवीन करून घेतला. जुना त्याच दिवशी तसाच मिटून डबीत ठेवला, पुसला नाही. बाबांना तेवढा दाखवला. त्यांनी तो खिडकीशी नेला, उजेडात तिरका धरला आणि कितीतरी वेळ बघत उभे राहिले. डाव्या काचेवर चार बोटं उमटली आहेत. चौथं वाकडं आहे.